तीन आण्यांत दोन मैल
जाहिराती, वेष्टने, पाट्या आणि पोस्टर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून मापावर नाहीतर करावर येऊन थांबले. जाहिरातीच्या मागे कल्पनाशक्ती असतेच, पण तिच्याही मागे बहुतेक वेळा फूटपट्टी असते. तेव्हा जिथे आकडेमोड आली आहे तिथे ती सविस्तर दिली आहे.

प्रश्न : दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची एक जाहिरात नेहमी सांगितली जाते : ‘५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, तेही फक्त तीन आण्यांत.’ हे आकडे खरे होते का? (वाचक, नाशिक)

५७ हजार पटण्यासारखे आहेत, तीन आणे खरे होते. दोन मैल मात्र जाहिरातीचे मैल आहेत.

हिशेब घरबसल्या करता येतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरची एक चौकट उंचीला पाऊण इंच. म्हणजे एका फुटात १६ चौकटी. ५७,००० ला १६ ने भागा, ३,५६२ फूट येतात. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट, चार रिळे. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ बसतात, म्हणून छायाचित्रांची संख्या विश्वासार्ह वाटते. आता मैल ५,२८० फुटांचा. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दोन मैलांचे चित्र करायचे तर १०,५६० फूट फिल्म आणि १,६८,९६० छायाचित्रे लागली असती. एकाच जाहिरातीतले दोन आकडे एकमेकांना खोटे पाडतात, आणि शंभराहून अधिक वर्षे सगळे ते एका दमात सांगत आले आहेत.

जाहिरातीची गरज का पडली, तेही याच लांबीत दडलेले आहे. त्या काळी हाताने फिरवायच्या यंत्रावर सेकंदाला साधारण १६ चौकटी सरकत, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३,७०० फूट म्हणजे तासाभराचा खेळ. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला तेव्हा मुंबईकरांना नवलाईच पुरेशी होती. सुरतेला मात्र गाडी अडली. पहिल्या दिवशीचा गल्ला तीन रुपये झाल्याची हकिगत सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तास नाटक मिळत होते, मग तासाभराच्या हलत्या चित्रांसाठी तीन आणे कोण मोजणार? खेळ लांबवा नाहीतर दर उतरवा, असा सल्ला मिळाला.

फाळक्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी मापच बदलले. तासांच्या हिशेबात नाटकाशी हरणारी वस्तू त्यांनी मैलांच्या आणि छायाचित्रांच्या हिशेबात मांडली, आणि नाटकाला मैल नसतात! त्यातही छायाचित्राची मोजणी फार हुशारीची. स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून घेणे हा ज्या घरात आयुष्यातला प्रसंग होता, त्या घराला ५७ हजार फोटो तीन आण्यांत म्हणजे लूटच. गल्ला वाढला. दोन मैलांच्या जागी ‘पाऊण मैल’ असे खऱ्याच्या जवळचे छापले असते तरी वाढला असता, असे आमचे मत. पण ‘पाऊण’ हा शब्द जाहिरातीत कधीच उभा राहत नाही.

प्रश्न : पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी खरी कोण? आमच्याकडे दर वर्षी नवे नाव फिरते. (वाचक, वर्धा)

कोणीच नाही. ते चित्र आहे, छायाचित्र नव्हे. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट क्रिएटिव्ह या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दहिया यांनी ते काढले, असे कंपनीनेच सांगितले आहे. फिरणारी नावे विसरून जा.

प्रश्न : पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षे पाचच रुपयांना कसा मिळतो? आणि दुसरे : घरच्या काट्यावर एका पुड्यातली बिस्किटे तोलली, वर १०० ग्रॅम छापले होते, भरली ९७. ही फसवणूक नाही का? (वाचक, मिरज)

पाच रुपये ही त्या पुड्याची किंमत नाही, ते त्याचे नाव आहे. गिऱ्हाईक दुकानात ‘एक पाचवाला द्या’ म्हणते. सहा रुपये केले की नाव बदलते, वर सुट्ट्यांचा घोळ येतो, आणि दुकानदार एक रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवतो. म्हणून गहू, साखर, पामतेल महागले की कंपनी किमतीला हात लावत नाही, वजनाला लावते.

वजन कमी करणेही वाटते तितके सोपे नाही. ग्लुकोज बिस्किटे साच्याच्या रुळावर पडतात. प्रत्येक खळगा ठरावीक मापाचा. बिस्किटाचा आकार लहान करायचा तर रूळ नवा करावा लागतो. जाडी कमी केली तर तीच भट्टी, तोच वेग ठेवून कडा करपतात. पट्ट्याचा वेग आणि भट्टीच्या प्रत्येक टप्प्याचे तापमान पुन्हा बसवावे लागते. त्यापेक्षा पुड्यातले एक-दोन नग कमी करणे स्वस्त. पण मग पुडा आखूड दिसतो, आणि शेजारच्या स्पर्धकाच्या पुड्याजवळ ठेवला की लगेच कळते. तुमच्या हातातला पुडा आखूड झालाय की बिस्किटे पातळ झालीत, यावरून कंपनीने कोणता त्रास पत्करला ते ओळखता येते.

पूर्वी बिस्किटे कोणत्या वजनांत विकायची हे नियमांच्या परिशिष्टात ठरवून दिलेले होते. २०२२ साली ते परिशिष्ट गेले आणि बदल्यात पाकिटावर ‘प्रति ग्रॅम किंमत’ छापणे आले. किलोच्या आतल्या वस्तूला प्रति ग्रॅम, किलोच्या वरच्या वस्तूला प्रति किलो. कल्पना चांगली, पण हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंतच छापतात. पाच रुपयांत ५२ ग्रॅम दिले तर प्रति ग्रॅम ०.०९६, छापून येणार ०.१०. वजन घटवून ४८ ग्रॅम केले तर ०.१०४, छापून पुन्हा ०.१०! चार ग्रॅम गेले आणि पाकिटावरचा आकडा जागचा हलला नाही. तेव्हा छापील प्रति ग्रॅम किमतीवर विसंबू नका. किमतीला वजनाने भागून शंभराने गुणा : पहिल्याचा दर शंभर ग्रॅमला ९ रुपये ६२ पैसे, दुसऱ्याचा १० रुपये ४२ पैसे. आणि हो, ‘फॅमिली पॅक’ घेताना तर हे कराच. मोठा पुडा स्वस्तच पडतो हा समज आहे, नियम नाही.

आता तुमचे ९७ ग्रॅम. ५० ते १०० ग्रॅमच्या पाकिटाला एका नगामागे साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते. (१०० ते २०० ग्रॅमला साडेचार टक्के, २०० ते ३०० ला नऊ ग्रॅम.) म्हणजे ९५.५ च्या खाली गेला तरच तो एक पुडा दोषी. मात्र या सवलतीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही : नमुना म्हणून घेतलेल्या सगळ्या पुड्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये. कंपनीने प्रत्येक पुडा मोजून-मापून ९६ चा केला तर प्रत्येक पुडा एकेकटा निर्दोष आणि सगळे मिळून दोषी.

तक्रारीआधी काटा तपासा. दहा रुपयांचे नाणे सुमारे ७.७ ग्रॅमचे असते. १३ नाणी ठेवली की १०० च्या किंचित वर दाखवायला हवे. ९८ दाखवले तर दोष काट्याचा. मग एकाच दुकानातले, एकाच बॅचचे पाच-सहा पुडे घ्या, वेष्टन वेगळे तोलून वजा करा, सरासरी काढा. ती खरेच कमी आली तर पावती आणि एक न फोडलेला पुडा घेऊन जिल्ह्याच्या वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) कार्यालयात जा, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. फोडलेल्या पुड्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : ‘विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक’ हे लहानपणापासून ऐकतोय. क्रीम विकताना ‘हे सौंदर्यप्रसाधन नाही’ असे ओरडून सांगायची काय गरज? (वाचक, डोंबिवली)

गरज अबकारी खात्यापायी.

केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळला सुरू केलेली ही कंपनी. हळद आणि चंदनाचे तेल घातलेले तिचे क्रीम आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनते. जुन्या उत्पादन शुल्काच्या रचनेत औषध एका रकान्यात, प्रसाधन दुसऱ्या. आणि प्रसाधन म्हणजे चैनीची वस्तू, म्हणून त्यावरचा कर कितीतरी चढा. खात्याचे म्हणणे, चेहऱ्याला लावतात, दुकानात स्नो-पावडरच्या शेजारी ठेवतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, मग औषध कसले? कंपनीचे म्हणणे, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत आणि परवाना औषधाचा आहे. हा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला.

अशा खटल्यांत एक कसोटी हमखास लावतात : सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो? आता ती ओळ पुन्हा म्हणून पाहा. सामान्य माणसाला काय समजायचे ते दिवसातून चार वेळा चालीत सांगणारी दुसरी ओळ सापडणे कठीण. उरलेल्या शब्दांत ‘आयुर्वेदिक क्रीम’ आहेच. जाहिरात ग्राहकासाठी असते हे खरे, पण तिचा एखादा श्रोता करखात्यातही बसलेला असतो.

याच जातकुळीची गोष्ट खोबरेल तेलाची. निळ्या बाटलीतल्या, घराघरांत केसांनाच लावल्या जाणाऱ्या शुद्ध खोबरेलाच्या बाटलीवर ‘केस’ हा शब्द शोधून पाहा. नाही सापडणार. हिरवा ठिपका सापडेल, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक सापडेल. कारण जीएसटीत खाद्यतेलाला ५ टक्के आणि केशतेलाला १८ टक्के कर होता. लहान बाटलीत भरले म्हणून ते केशतेल होते का, यावर १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : बाटली लहान आहे एवढ्यावरून केशतेल ठरत नाही, लेबलावर तसा वापर सांगितलेला आणि बाकीच्या अटी पुऱ्या झालेल्या असतील तरच. गंमत म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांत आले. म्हणजे जिंकलेल्या भांडणाची किंमत नऊ महिन्यांत संपली. ‘केस’ हा शब्द बाटलीवर परत येतो का, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

ओळखायचे कसे? हिरवा ठिपका आणि १४ आकडी क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने खाण्याची. ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापून घटकांची नावे प्रमाणासह दिली असतील तर औषध. घटक नुसतेच ओळीने असतील, प्रमाण नसेल, तर बहुधा प्रसाधन.

प्रश्न : मुंबईत खुशामतीला ‘पॉलसन लावणे’ का म्हणतात? (वाचक, गिरगाव)

पॉलसन हे लोण्याचे नाव. पेस्तनजी एडलजी दलाल या पारशी व्यापाऱ्याची ही छाप, आणि मुंबईत लोणी म्हणजे पॉलसन इतकी ती रुळलेली. साहेबाला लोणी लावायचे तर कोणते लावणार?

त्या लोण्याची चव आंबूस आणि खारट होती, कारण साय आंबवून, ठेवून मग घुसळत. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दुधाच्या दरावरून पॉलसनशी भांडून १९४६ साली आपला संघ काढला आणि पुढे ‘अमूल’ बाजारात आणले, तेव्हा ताज्या सायीचे हे लोणी मुंबईकरांना फिके लागले. शिवाय म्हशीच्या दुधाचे, म्हणून पांढरे. चांगली वस्तू आहे हे सांगून भागले नाही; मीठ घालावे लागले आणि रंगही. लोणी पिवळेच असते ही समजूत पॉलसनने घडवली होती, ती मोडण्यापेक्षा मानणे स्वस्त पडले.

१९६६ साली सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस या जाहिरातकारांनी अमूलसाठी ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी घडवली. तिचे चित्र इतके साधे का, याचे कारण व्यवहारातले आहे. तेव्हा फलक हाताने रंगवत आणि ते वारंवार बदलायचे होते. गावोगावच्या पेंटरला पटकन उतरवता येईल आणि कुणाच्याही हातून बिघडणार नाही अशी आकृती हवी होती. गोल डोळे, नाक जवळजवळ नाहीच, सपाट रंग. नाक काढले असते तर प्रत्येक गावात ती वेगळी दिसली असती.

प्रश्न : आमच्या मंडळाला यंदा गणपतीत जुन्या थिएटरवर असायचा तसा हाताने रंगवलेला बॅनर करायचा आहे, २० फूट बाय १० फूट. फ्लेक्स नको. दोन-तीन मुले चित्रकलेचे शिक्षण घेतलेली आहेत, पण एवढे मोठे काम कुणी केलेले नाही. कसे करावे? (वाचक, कोल्हापूर)

ज्या गावात बाबूराव पेंटर हाताने चित्रपटांची पोस्टर करत होते त्या गावातून हा प्रश्न आला, याचा आनंद आहे. आधी तारीख मोजा. पावसाळी हवेत तेलरंगाचा एक थर वाळायला तीन ते पाच दिवस घेतो. किमान तीन थर होणार. चतुर्थीच्या आधी चार आठवडे काम सुरू करा. दोन आठवड्यांवर आणलेत तर मिरवणुकीच्या दिवशी नायकाचा गाल कुणाच्या तरी सदऱ्याला लागलेला असेल.

अखंड २० फुटांच्या नादी लागू नका. दहा बाय दहाच्या दोन लाकडी चौकटी करा, मधला सांधा चेहऱ्यावर येणार नाही असे चित्र बसवा. जाड मांजरपाट घ्या, पण आधी पाण्यात भिजवून वाळवा. तो आटतो. न भिजवता चौकटीवर ठोकलात तर अस्तराचा ओला हात बसताच कापड खेचले जाते आणि लाकडी पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात. पट्ट्यांना मधे आडवे-उभे आधार द्याच.

अस्तरासाठी सरस एक भाग, पाणी दहा-बारा भाग (वजनाने). रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलेला सरस पकड सोडतो. पहिला हात नुसत्या सरसाचा. तो वाळल्यावर त्याच सरसात खडूची पूड आणि झिंक व्हाइट मिसळून ताकाइतके पातळ करा आणि दोन हात द्या, एक आडवा, एक उभा. इथे सगळे चुकतात : पांढरेशुभ्र दिसावे म्हणून थर जाड देतात. जाड थर कापड हलले की भेगाळतो, आणि भेग वरच्या रंगासकट जाते. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे.

आता आखणीच्या चौकटी. मूळ चित्र १० इंच बाय ५ इंचाचे घ्या आणि त्यावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा. २० गुणिले १० अशा २०० येतील. कापडावर एका फुटाच्या चौकटी. अर्धा इंच तो एक फूट, म्हणजे २४ पट. आखणी पट्टीने करू नका, सुताने करा : दोरीला निळीची पूड चोळायची, दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची. सरळ रेघ उमटते आणि नंतर फडक्याने पुसली जाते. आडव्या रांगांना अक्षरे, उभ्या रांगांना आकडे लिहा. चेहऱ्यापुरत्या चौकटी पुन्हा निम्म्या करा, सहा इंचांच्या. डोळा एक फुटाच्या चौकटीत अंदाजाने बसत नाही. कोळशाची कांडी दोन-तीन फुटांच्या बांबूला बांधून रेखाटा. हाताने जवळून काढलेली रेघ लांबून थरथरलेली दिसते.

बॅनर उंच लागणार असेल तर एक सुधारणा आखणीतच करा. खालून पाहणाऱ्याला वरचा भाग आखडलेला दिसतो, कपाळ बसके, हनुवटी मोठी. वरच्या तीन-चार रांगा एका फुटाऐवजी तेरा इंचांच्या घ्या आणि वाढलेले इंच खालच्या रांगांतून कमी करा. जमिनीवर ठेवून पाहाल तेव्हा कपाळ लांब वाटेल. वाटू द्या.

रंग म्हणजे झिंक व्हाइट आणि रंगाची पूड, अळशीच्या तेलात कालवलेली; पातळ करायला टर्पेंटाइन. तयार एनॅमल चालेल, पण त्याची चमक दिव्याखाली डोळ्यांवर येते. एकूण रंगात निम्म्याच्या आसपास पांढरा लागतो, तो आधीच जास्त आणा. झिंकचा पांढरा सावकाश वाळतो म्हणून ड्रायर घालायचा मोह होईल. थोडाच घाला, जास्त झाला की वरची साय वाळते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात.

चेहऱ्याच्या सावलीत काळा वापरू नका. तीस फुटांवरून काळा म्हणजे भोक. जुन्या बॅनरवरचे चेहरे निळे, हिरवे, लालभडक का असत, ते यामुळे. निळी सावली लांबून सावलीसारखीच दिसते आणि चेहरा पुढे येतो. उजेडाचे फटकारे सुरीने, जाड, कडेला कच्चे सोडून द्यायचे. जवळून घाण दिसले पाहिजे. दर अर्ध्या तासाने एकाला रस्त्यापलीकडे पाठवा आणि तो सांगेल ते ऐका, ब्रश हातात असलेल्याचे नको.

अक्षरांसाठी पाटीवाल्यांचा जुना अंदाज : दर दहा फुटांमागे एक इंच. शंभर फुटांवरून वाचायचे तर अक्षर दहा इंच. पण हा अंदाज इंग्रजी अक्षरांचा. देवनागरीत दहा इंच म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी आणि रफारासाठी वर चार-पाच इंच, उकारासाठी खाली तितकेच वेगळे. हे विसरले की दुसऱ्या ओळीची वेलांटी पहिल्या ओळीच्या उकारात अडकते आणि ‘मूर्ती’ वाचता येत नाही. शिरोरेषा उभ्या दांड्याहून जाड नको, लांबून सगळा शब्द एका काळ्या पट्टीसारखा दिसतो.

उभा करताना सपाट रंगाच्या भागात अर्धचंद्राकृती चिरा द्या, वारा निघून जातो. गुंडाळून ठेवायचा झाल्यास रंगाची बाजू बाहेर. आत गुंडाळली की थर दाबला जाऊन तडकतो.

प्रश्न : साडीचे दुकान आहे. रिक्षावरच्या भोंग्यासाठी आणि स्थानिक रेडिओसाठी दहा सेकंदांची जाहिरात करायची आहे. किती शब्द बसतात? (वाचक, बार्शी)

स्पष्ट मराठी सेकंदाला दोन शब्दांच्या हिशेबाने वाचली जाते. दहा सेकंदांत वीस, आणि मागे संगीत असेल तर चौदा-पंधरा. बहुतेक दुकानदार चाळीस लिहून आणतात आणि निवेदकाला पळवतात.

नेहमीचा मजकूर असा असतो : ‘खास लग्नसराईनिमित्त आपल्या सेवेत घेऊन येत आहोत पैठणी, इरकल, नारायणपेठ व सर्व प्रकारच्या साड्यांचे भव्य दालन, एकदा अवश्य भेट द्या.’ वीस शब्द झाले आणि दुकानाचे नाव अजून आलेलेच नाही. त्यातले ‘खास’, ‘आपल्या सेवेत’, ‘भव्य’, ‘अवश्य’ काढून टाका, कुणाचे काही बिघडत नाही. उरते ते असे बसवा : ‘लग्नाची पैठणी? (दुकानाचे नाव). इरकल, नारायणपेठही. (दुकानाचे नाव), एसटी स्टँडसमोर.’ नाव दोनदा, वस्तू तीन, खूण एक. फोन नंबर नको. चालत्या रिक्षातून ऐकलेले दहा आकडे कुणी लिहून घेत नाही. भोंग्याला वरचे सूर झेपत नाहीत, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. नावात तोच फरक असेल तर नावाआधी अर्धा सेकंद शांतता ठेवा आणि पहिले अक्षर ताणा.

रेडिओवर जाहिराती आल्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. तेव्हापासूनच्या मराठी ओळींत बांधणीसाठी एक पाहण्यासारखी आहे. जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय १९७३ साली निघाले आणि ‘भिंतीवरी कालनिर्णय असावे’ घराघरांत पोचले. तीनच शब्द, त्यातला एक मालाचे नाव, एक तो कुठे टांगायचा ती जागा. ‘भिंतीवरी काल’ इथपर्यंत ओळ चक्क इंद्रवज्रा या वृत्तात चालते (गागाल गागाल; ‘गा’ म्हणजे गुरू अक्षर, ‘ल’ म्हणजे लघू). पुढे वृत्त लघूची वाट पाहत असते आणि तिथे ‘निर्णय’मधला जोडाक्षराने गुरू झालेला ‘नि’ येतो. कान नेमका त्या ठिकाणी अडखळतो, आणि अडखळतो तो मालाच्या नावावर. हे मुद्दाम केले की झाले, कोण जाणे. तुमच्या दुकानाच्या नावात जोडाक्षर असेल तर ते लपवू नका, ओळीचा ठेका त्यावरच येऊ द्या.